डावा बूट, उजवा बूट

गस्तवाल्याने डावा पाय स्टुलावर ठेवला आणि बूटवालीने नाडी सोडायच्या आधीच टाचेवर अंगठा दाबून पाहिला. टाच आत गेली, ती वर आलीच नाही. मग तिने उजव्या बुटाची टाच दाबली. ती दबली आणि लगेच फुगून जागेवर आली. तिने पुन्हा डावी दाबली, जरा वेळ अंगठा तसाच ठेवला आणि सोलच्या कडेला खडूने एक बारीक रेघ ओढली.

"काय म्हणतोय माहेरचा बूट?" त्याने विचारलं.

"चामडं छान आहे," ती म्हणाली.

सात आठवडे हा माणूस दोन पायांत दोन वेगळे बूट घालून रुळांवरून चालत होता. रोजचे पंधरा किलोमीटर, तेही खडीवरून. चारशे गस्तवाल्यांना नवे बूट द्यायचे होते आणि दोन नमुने आले होते. डावा बूट गावातल्याच कारखान्यातला, उजवा लांबच्या एका कंपनीचा. घाट दोघांचा एकच, जुना: जाड चामडं, भोवती उठून दिसणारी शिलाई आणि सोलच्या पोटात हवेचे कप्पे. गस्तवाल्यांचे बूट बावीस वर्षं हिच्याकडेच दुरुस्तीला येत, म्हणून खरेदी अधिकारी स्वतः तिच्या दुकानाची पायरी चढून आले होते. कोणता जास्त टिकतो, कोणाला किती निगा लागते, एवढं दोन पानांत लिहून द्या, म्हणाले. दोन माणसं कधी सारखी चालत नाहीत, तेव्हा एकाच माणसाच्या दोन पायांत दोन बूट द्यावेत, ही युक्ती तिचीच.

माणसंही तिनेच निवडली. हा गस्तवाला बुटांची निगा राखणारा होता. घरी गेला की ब्रशने धूळ झाडायची, ओले असतील तर आत कागद कोंबून सावलीत ठेवायचे, आठवड्यातून एकदा बोटाने मलम चोळायचं. त्याची बायको म्हणायची, माझ्या टाचांना भेगा पडल्या तरी यांचं लक्ष नाही, बुटाला मात्र रोज तेलपाणी. दुसरा निवडला तो त्याच्या अगदी उलट. त्याला सगळे दांडगा म्हणत. भिजलेले बूट तो थेट शेगडीपाशी उभे करायचा आणि ब्रश म्हणजे दात घासायची वस्तू एवढंच त्याला ठाऊक होतं. दोघांची रुळांवर जी थट्टा झाली तिला सीमा नव्हती. एक पाय माहेरी, एक पाय सासरी, असं या गस्तवाल्यानेच पहिल्या दिवशी म्हणून टाकलं, म्हणजे इतरांना म्हणायला काही उरू नये.

दर शनिवारी दोघे दुकानात येत. ती बूट उतरवून घेई, शिलाईचे टाके मोजी, घोट्यापाशी पडलेल्या सुरकुत्या बघे, वहीत लिही. दांडग्याच्या पायातलं लांबच्या कंपनीचं चामडं तिसऱ्याच आठवड्यात तडकलं. ते वरून गुळगुळीत होतं, पण मलम आत घेत नव्हतं. लावलेलं तसंच वर राहायचं. कारखान्याचं चामडं मात्र शेगडीचा जाच सोसूनही पुन्हा मऊ व्हायचं. ते पाहून तिला बरं वाटे. कारण त्या कारखान्यात तिचा धाकटा भाऊ होता.

आई गेली तेव्हा तो सहा वर्षांचा होता आणि ही बारा. त्याच्या बुटाच्या नाड्या तिने बांधल्या, त्याला शाळेत सोडलं, पुढे स्वतः त्याच कारखान्यात शिलाईवर लागली आणि शब्द टाकून त्यालाही लावून घेतलं. तिने नंतर दुकान काढलं. तो तिथेच राहिला, सोलचा माल वितळवून साच्यात ओतायच्या मशिनवर. सव्वीस वर्षं झाली.

आठव्या शनिवारी गस्तवाला आला तो लंगडत. विचारलं तर म्हणाला, वय झालं, बुटाला कशाला दोष द्यायचा. तिने त्याला पँट वर करायला लावली. डावा गुडघा सुजून गोळा झाला होता. किती दिवस झाले, तर तीन आठवडे. मग सांगितलं का नाही, यावर तो नुसता हसला. माहेरचं उणं कुणी सांगतं का, म्हणाला. तिला ते हसू झेपलं नाही. तिने चारही बूट काढून घेतले आणि तपासणी थांबवली.

त्या दुपारी दुकानाचं दार लोटून घेऊन तिने बूट पकडीत धरले आणि करवतीने टाचेतून उभे कापले. लांबच्या कंपनीच्या सोलमधले कप्पे पोळ्यातल्या घरांसारखे ओळीने शाबूत होते. कारखान्याच्या बुटातले चिरडून एकमेकांना चिकटले होते. दोघांच्याही, निगा राखणाऱ्याच्या आणि न राखणाऱ्याच्याही. तिने फळीवरून त्याच कारखान्याचा अकरा वर्षांपूर्वीचा, कुणीतरी टाकून गेलेला बूट काढला आणि तोही कापला. त्यातल्या कप्प्यांच्या भिंती काडेपेटीतल्या काडीएवढ्या जाड होत्या. नव्यातल्या पोस्टकार्डाएवढ्या. तिने नखाने खरवडलं. मालातून काळे, खरबरीत कण सुटून तिच्या तळहातावर आले. मलमाची सगळी डबी ओतली असती तरी या बुटाला उपयोग नव्हता.

भाऊ रविवारी आला. तो येणार हे तिला माहीत होतं. कापलेले बूट तिने झाकले नव्हते. त्याने ते पाहिले, हातात घेतले नाहीत.

"भुगा?" तिने विचारलं.

"जुन्या सोलचा. दळून मिसळतात."

"कधीपासून?"

"चार वर्षं झाली. मॅनेजरला तीनदा सांगितलं मी. तिसऱ्यांदा म्हणाला, दुसरा माणूस बघू का मशिनवर."

मग तो बराच वेळ बोलला. तीनशे माणसं उरली आहेत. एक पाळी आधीच बंद झाली. ही चारशे जोड्यांची ऑर्डर मिळाली तर मागोमाग साऱ्या रेल्वेची मिळेल, वर्ष निघेल आणि वर्षात काहीही होऊ शकतं. थोरली बारावीला आहे. शिलाईवरच्या बायका तुझीच आठवण काढतात, म्हणतात ताईंच्या हातात आहे सगळं. हे सांगताना तो तिच्याकडे न बघता कपाटावरच्या खिळ्यांच्या डब्यांकडे बघत होता.

"खोटं लिही असं मी म्हणत नाही, ताई," तो शेवटी म्हणाला. "चामड्यापासून सुरुवात कर. सोलचं शेवटी लिही. थोडक्यात."

तिने चहा केला. त्याने अर्धा प्यायला. जाताना उंबऱ्यावर थांबला, बुटाची नाडी सुटली नव्हती तरी वाकून पुन्हा बांधली आणि गेला.

ती दोन पानं लिहायला तिला नऊ दिवस लागले. एकदा तिने 'दोन्ही नमुने जवळपास सारखे' असं लिहून पाहिलं. अक्षर सुंदर आलं होतं. तो कागद तिने फाडला नाही, घडी करून खिळ्यांच्या डब्याखाली ठेवला आणि दोन दिवस दुकानात त्याच्याकडे पाठ करून बसली. तिसऱ्या दिवशी गस्तवाल्याची बायको त्याचे जुने बूट घेऊन आली. तेच घालून जातो म्हणतात, सुजलेला पाय आत शिरत नाही, जरा सैल करून द्या. गुडघ्याचं विचारलं तेव्हा ती म्हणाली, जिना बसून उतरतात. एवढंच. त्या संध्याकाळी बूटवालीने नवा कागद घेतला. सुरुवात चामड्यापासून केली. तेवढं भावाचं ऐकलं. पण सोलचं शेवटी आलं तरी थोडक्यात आलं नाही. भिंतींची जाडी लिहिली, कण लिहिले, गुडघा लिहिला. लांबच्या कंपनीचं चामडं निकृष्ट आहे तेही लिहिलं. दोन्हींपैकी एकही नमुना आहे तसा घेऊ नये. कारखान्याचं चामडं ठेवून सोल पूर्वीचा करून घेता आला तर त्याहून टिकाऊ बूट मिळणार नाही, असं शेवटचं वाक्य लिहिलं. ते वाक्य तिने भावासाठी लिहिलं होतं, पण ते खरंही होतं.

खरेदी कार्यालयाच्या बोळात खोक्यांची चळत लागली होती, छताला टेकेल एवढी. अधिकारी जेवायला गेले होते म्हणून ती बाकावर बसून राहिली. समोरच्या खोक्याचं झाकण अर्धवट उघडं होतं. तिने हात घालून बूट काढला. तो दोन्ही नमुन्यांपैकी नव्हता. घाट तोच होता, पण सोल भरीव, दगडासारखा. कडेला कप्प्यांचे नुसते खळगे उमटवले होते, भिंतीवर खिडकी रंगवावी तसे. चामडं तर चामडंच नव्हतं.

अधिकारी आले. त्यांनी तिला खुर्ची दिली, पानं दोन्ही बाजूंनी पाहिली, मजकुराच्या खाली बोट ठेवून सही कुठे करायची ते दाखवलं.

"बाहेरचे बूट कुणासाठी?" तिने विचारलं.

"गस्तवाल्यांसाठीच. वरूनच ठरलं. दीड महिना झाला."

"मग हे कशाला?"

"लागतं ना," ते समजुतीच्या स्वरात म्हणाले. "तुलना झाल्याशिवाय फाइल बंद होत नाही. तुम्ही फार नीट लिहिलंय."

त्यांनी पानांना भोक पाडलं, ती दोऱ्याने फाइलमध्ये ओवली आणि एक प्रत तिला दिली.

पुढच्या महिन्यात कारखान्याच्या फाटकाला कुलूप लागलं. तीनशे माणसं आठवडाभर फाटकासमोर बसली, मग दोनशे, मग कुणीच नाही. बूटवालीच्या कागदाने घात केला, ही गोष्ट कुठून सुटली कोण जाणे, पण तिला पाय फुटले. शिलाईवरच्या बायका दुकानावरून जाताना पलीकडच्या कडेने जाऊ लागल्या. एकीने दुरुस्तीला दिलेली चप्पल तशीच परत मागून नेली. भाऊ आला नाही. गस्तवाला मात्र एकदा आला, नवे बूट घालून. कसे आहेत विचारलं तर म्हणाला, फार बरे, आता दोन्ही गुडघे सारखेच दुखतात, डावं-उजवं करावं लागत नाही. नोकरीची दोन वर्षं उरली होती. ती त्याला दुसरं काही देऊ शकली नाही, फक्त बुटाच्या आत घालायला जाड लोकरीचे दोन तुकडे कापून दिले.

अखेर एका दुपारी तिने दुकान बंद केलं, अहवालाची प्रत पिशवीत घातली आणि भावाच्या घरी गेली. वाटेत तिने काय सांगायचं ते मनात जुळवून ठेवलं. की तो कागद कुणी वाचलाच नाही. बूट आधीच येऊन पडले होते. मी काहीही लिहिलं असतं तरी हेच झालं असतं, तेव्हा माझ्यावर राग धरू नकोस.

भावजयीने दार उघडलं, पाणी आणून ठेवलं आणि आत निघून गेली. भाऊ खिडकीपाशी बसून मुलीच्या दप्तराचा तुटलेला पट्टा शिवत होता. सुई बारीक होती, जाड कापडात वाकत होती. तिचे हात शिवशिवले, पण तिने ते मांडीवर धरून ठेवले.

"तुला एक सांगायला आलेय," ती म्हणाली.

"मलाही सांगायचं होतं," तो म्हणाला. "पहिले पंधरा दिवस तुझं नाव घेतलं तरी डोकं फिरायचं. फाटकापाशी लोक मला काय काय बोलले ते तुला नको सांगायला." त्याने दोरा दाताने तोडला. "मग वाटलं, चार वर्षं मी तोंडाने सांगत होतो, कुणी हूं की चूं केलं नाही. तू दोन पानं लिहिलीस आणि त्यांनी आमचेही नाकारले, त्या कंपनीचेही नाकारले, तिसरेच घेतले. म्हणजे कुणीतरी वाचलं. त्या भुग्याचं कुणीतरी वाचलं, ताई."

आत भांडं ठेवल्याचा आवाज झाला. तो तिच्याकडे बघत होता. कितीतरी महिन्यांनी सरळ बघत होता. तो वाळला होता. दाढी पांढरी आली होती, आणि ती आजवर तिच्या लक्षात आली नव्हती.

"हो," ती म्हणाली. "वाचलं."

"तू काय सांगत होतीस?"

"काही नाही. हेच."

त्याने मान हलवली. दप्तर बाजूला ठेवलं, हात पुसले आणि सोलबद्दल नेमकं काय लिहिलंस, विचारलं. तिने पिशवीतून प्रत काढून पुढे केली. चष्मा आत आहे, तूच वाच, असं तो म्हणाला. तिने उजेडासाठी खुर्ची खिडकीकडे सरकवली आणि पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली.