उंटिणीचं बी

धाकटीला घरात आणि घराबाहेर सगळे धाकटीच म्हणायचे. पन्नाशी उलटली, चष्म्याचा नंबर वाढला, तरी नाव काही मोठं झालं नाही. दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या एका लॅबमध्ये ती दिवसभर मेणात दात बसवायची. हात इतका स्थिर, की डॉक्टर मंडळी तिच्याच हातची कवळी मागून घ्यायची. स्वभावाचं मात्र काय सांगावं! नाकावर माशी बसू द्यायची नाही.

आई गेली तेव्हा तिच्या वाट्याला घर आलं आणि घरापुढची उंटीण आली. उंटीण म्हणजे मुलिन नावाचं फुलझाड. रोपवाटिकेत याच नावानं मिळतं ते. पहिल्या वर्षी जमिनीलगत लोकरीसारख्या मऊ पानांचा नुसता गुच्छ, आणि दुसऱ्या वर्षी मधून माणसाच्या खांद्याला लागेल असा फुलांचा तुरा. बी धरलं की झाड आटोपलं. पाणी बेताचं, खत तर मुळीच नको, खडी-वाळूत खूश. मान उंच आणि तहान कमी, म्हणून आईनं तिला उंटीण करून टाकलं. लाड केले की कुजते मेली, असं म्हणायची आणि धाकटीकडे बघून हसायची.

बाजारात मिळते ती पिवळी. आईची तांबूस होती, पोटात जांभळी, आणि ती काही आयती मिळालेली नव्हती. पिवळं फूल दिसलं की आई ते झाड उपटून फेकायची, जरा तांबूस झाक दिसली की त्याचंच बी धरायची. ते बी मातीवर नुसतं भुरभुरायची, वर माती लोटायची नाही, कारण उजेड दिसल्याशिवाय ते डोळे उघडत नाही. निम्मं आयुष्य गेलं बाईचं त्या रंगापायी. शेवटी अख्खी रांग तांबूस फुलली, तेव्हा रस्त्यानं जाणाऱ्या अनोळखी माणसांनाही हाका मारून दाखवत होती.

मग आजारपण आलं आणि बी पेरायचं राहून गेलं. आई गेली त्या वर्षी रांगेतलं एकच झाड उरलं होतं. धाकटी रोपवाटिकेतल्या माळ्याकडे गेली. तो म्हणाला, फुलं ओसरायला लागली की तुरा कापा, बी धरू देऊ नका, म्हणजे झाड आणखी एखादं वर्ष तग धरेल. पण बाजूचा एक छोटा तुरा बियांसाठी ठेवा बरं का. धाकटीनं पहिलं तेवढं ऐकलं आणि पुढचं सोयीस्कर सोडून दिलं.

तिच्या लेखी हिशेब सरळ होता. आईचा हात लागलेलं झाड ते हेच. बियांतून येईल ते दुसरं, त्याला आईनं कधी पाहिलेलंसुद्धा नाही. मग त्याच्यासाठी याला का मरू द्यायचं? दर वर्षी फुलं ओसरली की ती झाडून सगळे तुरे कापायची आणि स्वतःला सांगायची, पुढच्या वर्षी ठेवू एखादा. झाडही बिचारं हट्टानं जगत राहिलं. धाकटीला वाटलं, आपण जिंकलो.

दोन गल्ल्या सोडून वहिनी राहायची, म्हणजे मोठ्या भावाची बायको. आईपाशी दवाखान्यात कोणी बसायचं, यावरून दोघींचं कडाक्याचं वाजलेलं होतं, आणि तेव्हापासून धाकटी तिला पाण्यात पाहायची. एकदा ही वहिनी फाटकापाशी येऊन उभी राहिली. म्हणाली, उंटिणीचं चिमूटभर बी दे. धाकटीनं ऐकवलं, आईचं झाड आईच्याच दारात बरं. पुढच्या वर्षी वहिनी पुन्हा आली, तेव्हा धाकटीनं 'बघू' म्हटलं, आणि वहिनी वळल्याबरोबर सगळे तुरे छाटून टाकले. न जाणो, बाईनं परस्पर हात मारला तर! आता काय म्हणावं या अकलेला?

पुढे एका वर्षी ओल हटता हटेना. एका सकाळी पानांचा गुच्छ धाकटीच्या हातात अलगद निघून आला. खालचं मूळ तिनं कागदात गुंडाळून माळ्याकडे नेलं. त्यानं ते बोटांनी दाबलं. कडक असतं तर तुकडे करून लावले असते, म्हणाला, याचा तर चिखल झालाय. तिचा चेहरा बघून त्यानं एक आशा दाखवली. याचं बी मातीत वर्षानुवर्षं जिवंत राहतं, वरची माती जरा हलवून बघा.

तिनं माती हलवली. आणि काय नवल, लव असलेली इवली पानं खरंच वर आली! धाकटीला रडूच फुटलं. वर्षभर तिनं ती रोपं जिवापाड जपली. पानांवरच्या अळ्या स्वतःच्या बोटांनी वेचल्या. लॅबमध्ये कधी नव्हे ते लोकांशी गोड बोलली. दुसऱ्या वर्षी तुरे चढले, कळ्या फुगल्या, फुलं उमलली.

पिवळी. एकूण एक पिवळी. आईनं उपटून फेकायला सुरुवात केली त्याच्याही आधीचं जुनं बी मातीत दडून बसलं होतं, तेच वर आलं.

आता एकच दार उरलं होतं. आईनं आपल्या हातानं वहिनीला कधी बी दिलं असेल का? धाकटी अभिमान गिळून तिच्याकडे गेली. वहिनी स्वयंपाकघरात भांडी घासत होती. तिनं ओल्या हातानंच खुर्ची पुढे सरकवली आणि धाकटीचं सगळं ऐकून घेतलं.

"दिलं होतं ना," वहिनी म्हणाली. "आईंनी स्वतः आणून पेरलं होतं आमच्या मागच्या अंगणात. छान फुलायची. मग घरमालकानं गाड्या लावायला सगळ्या अंगणात सिमेंट ओतलं. आम्ही गावाला गेलो होतो, एकही झाड वाचवता आलं नाही."

"मग मला सांगायचं नाही का?"

"तेच सांगायला आले होते. चिमूटभर दे म्हटलं, पुन्हा लावते कुंडीत. म्हटलं, दोन घरी असलेलं बरं."

बाहेर कुणीतरी गाडी मागे घेत होतं. धाकटी म्हणाली, "वहिनी, मीच मारली गं तिला."

वहिनी समजूत काढेल, असं तिला वाटलं होतं. निदान 'असं कसं म्हणतेस' एवढं तरी म्हणेल.

"हो," वहिनी म्हणाली, आणि उरलेली भांडी विसळायला लागली.