मांडवाला एक मेढ कमी

जयवंतीचं तोंड म्हणजे काय विचारता! उधव्याजवळच्या बोरीपाड्यात तिची बोलणी न खाल्लेला माणूस शोधून सापडला नसता. नवऱ्याला, लाहूला, ती चूळ भरायच्या आधीच दोन शब्द ऐकवायची. शेजारची नवशी तर तिची हक्काचीच. आणि कुणाला त्याचं वाईटही वाटत नसे. जयवंती दिवसभर गप्प दिसली की पाड्यात चौकशी सुरू व्हायची, बाईला बरंबिरं नाही की काय?

फक्त हिरी आणि चिमण समोर आले की या बाईच्या जिभेवर साखर पेरल्यासारखी व्हायची.

हे नवरा-बायको धुंदलवाडीकडचे. त्या भूकंपाच्या हिवाळ्यात तिकडची जमीन जागेवर बसायलाच तयार नव्हती. कधीही गुरगुरायची, पत्रे थडथडायचे, माणसं पोरं उचलून बाहेर पळायची. एका सकाळी चूल पेटलेली असतानाच हिरीच्या घराची भिंत आडवी झाली. मग थंडीत तंबू. चिमण आणि लाहू पूर्वी बोर्डीच्या चिकूवाडीत एकत्र काम केलेले. लाहू त्याला भेटायला गेला आणि तंबू बघून म्हणाला, "उठ, चल आमच्याकडे."

लाहू बोलून मोकळा झाला, पुढचं सगळं जयवंतीने केलं. विहिरीपलीकडची आपली पडीक जागा दिली. एकाला दम देऊन भिंतींसाठी कारवी आणवली, दुसऱ्याकडून बांबू, तिसऱ्याच्या गोठ्यावरचे जास्तीचे पत्रे. रेशनवाल्याशी भांडली. कासा गावच्या बाजारातून कोंबड्या आणून हिरीच्या दारात सोडल्या. इथेही मधूनमधून भांडी खणखणायची, पण भिंती उभ्या राहायच्या. तरी हिरी कितीतरी दिवस अंगणातच झोपली. मग एकदाची आत झोपली, तेव्हा जयवंतीने ती बातमी पाडाभर अशी सांगितली, जणू तिचीच पोरगी दहावी पास झाली.

वैशाखात जयवंतीच्या उमेशचं लग्न ठरलं. बोरीपाड्यात लग्नाचा मांडव भाड्याने आणत नाहीत. घरटी एक मेढ, म्हणजे मांडवाचा खांब. ज्याची त्याने रानातून तोडायची, खांद्यावरून आणायची आणि आपल्या हाताने पुरायची. उमेशच्या मित्रांना तलासरीहून रंगीत कापडाचा मंडप हवा होता. जयवंती म्हणाली, "डीजे आणा, नाचा, पाय मोडून घ्या. मांडव मेढींचाच होणार."

आदल्या संध्याकाळी लाहू आणि ती घरोघर सांगत फिरली. चिमणच्या दारात पोचली तेव्हा तो कुऱ्हाडीला धार लावत बसला होता. लाहू तोंड उघडणार, तेवढ्यात जयवंती म्हणाली, "तुम्ही नका रे त्रास घेऊ. आधीच काय कमी सोसलंय! तुमची मेढ आमचा उमेश आणेल. तुम्ही आपलं जेवायला या."

चिमणचा हात थांबला. "बरं काकी," म्हणाला आणि कुऱ्हाड आत ठेवून आला. किती समजूतदार माणसं, असं म्हणत जयवंती खुशीत घरी गेली.

दुसऱ्या दिवशी मांडव उभा राहत होता, चुलवणावर भाताचा टोप चढला होता, आणि नवशी धावत आली. "अगो जयवंती, तो चिमण पत्रे उतरवतोय!"

जयवंती हळदीच्या हातांनी तशीच धावली. खरंच की! चिमण छपरावर आणि हिरी खाली गाठोडं बांधत होती.

"हे काय चाललंय? कुठे निघालात?"

"परत," चिमण म्हणाला.

"परत? तिथे भिंत तरी आहे का उभी?"

"तंबू आहे."

"आणि परत हललं म्हणजे?"

"हलू दे."

जयवंतीचं डोकं फिरलं. पण साखर काही सुटेना. "माझ्या लेकरांनो, काय कमी पडलं तुम्हाला? सांगा, मी आणते."

चिमणने तोंड फिरवलं. बोलली ती हिरी. आजवर 'हो काकी' पलीकडे न गेलेली हिरी.

"काकी, आमच्याकडे पण लग्नाला घरटी मेढ असते. एकाच घराची घेत नाहीत."

"कुणाच्या?"

"वाळीत टाकलेल्याच्या."

"अगं, पण मी... तुम्हाला त्रास नको म्हणून..."

"ठाऊक आहे. तुझी पेज आम्ही विसरणार नाही. पण नवशीला तू दिवसभर राबवतेस, नाही नाही ते बोलतेस. मला कधी साधा तांदूळ निवडू दिलास? पाहुणी म्हणून किती राहायचं गो, काकी? तिथे जमीन हलते, पण तिथे आम्हाला कामाला हाक मारतात."

जयवंतीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जागा दिली, छप्पर दिलं, आणि कालच्या एका वाक्यात दोघांना पाड्याबाहेर बसवून आली. तिला माफी मागायची होती, मनापासून मागायची होती. पण तिच्या तोंडाला तो शब्द कधी लागलेलाच नव्हता. जे बाहेर आलं ते तिचं नेहमीचंच होतं.

"मग काल तोंडात काय बोरं धरली होती? सांगता येत नव्हतं? दुपारी पाहुणे येणार, मांडवाला एक मेढ कमी आणि हा छपरावर चढून बसलाय! उतर खाली! कुऱ्हाड घे!"

चिमण छपरावरून उतरला आणि कुऱ्हाड घेऊन रानाकडे निघाला. जयवंती तरातरा मांडवात गेली आणि उमेशने चिमणच्या नावाने नुकतीच पुरलेली मेढ दोन्ही हातांनी हलवून उपटली. "नवरदेवाने आपल्याच मांडवाला मेढ पुरायची असते होय? माझी अक्कल चरायला गेली होती, तुला तरी कळायला नको?"

चिमण परतला तो ऐनाच्या लाकडाची मेढ घेऊन. मेढ कसली, कमरेत मोडलेली म्हातारी! पुरून झाली तसं मांडवाचं ते टोक खाली झुकलं. जयवंती म्हणाली, "असू दे रे, बिचा..." आणि जीभ चावली.

मग तिने पदर खोचला.

"ही मेढ आहे की नांगर? डोळे गावाला ठेवून आलास काय? माझ्या पोराचा मांडव असा लंगडा?"

चिमणने घाम पुसला. "सरळ होत्या त्या तुझ्या पाड्याने सकाळीच तोडल्या. मला उशिरा कुणी पाठवलं?"

पाडा खो खो हसला. चिमणही हसत होता. लाहूने गपचूप मेढीखाली एक दगड सरकवला.

तेवढ्यात चुलवणाकडून हिरी ओरडली, "काकी, भांडत काय बसलीस? भात लागलाय खाली!"

"तू मला भात शिकवतेस? कालची आलेली पोरगी!"

"मग करपू दे तुझा भात!"

जयवंतीला हसू आलं आणि रडूही. तिने हळदीच्या हातानेच डोळे पुसले, ते आणखी झोंबले. "बडबडू नको नुसती," ती खेकसली, "टोप धर एका बाजूने!"

दोघींनी टोप उतरवला. तळाचा भात खरंच करपला होता. जाळ जास्त कुणी घातला, यावरून दोघी पाहुणे येईपर्यंत भांडत होत्या.