वळणावरचा दगड

धाकटा दादाच्या मागे धावत धावायला शिकला, आणि तिथेच सगळं बिघडलं. टेकडीची पायवाट म्हणजे खड्डे, मुळं आणि सुटे दगड. दादा पुढून ओरडायचा, "दगड! मूळ! पाय उचल!" आणि हे महाशय त्या हुकमावर पाय टाकायचे. "पाऊल लहान ठेव, नजर पायाशी नको, चार पावलं पुढे ठेव," असं दादाने हजारदा सांगितलं होतं. पण आयतं मिळत असताना डोळे कोण शिणवतो?

म्हणून पडल्यावर त्याने सगळं खापर दादाच्या माथी फोडलं. उतारावर वाटेच्या मधोमध दगड होता. दादाचा पाय नशिबानेच त्याच्या बाजूने गेला, त्याने आवाज दिला नाही, आणि धाकट्याचा घोटा मुरगळला. डॉक्टरांनी बजावलं, पुन्हा मुरगळला तर सांधा कायमचा सैल होईल, मग धावणं विसरा.

लंगडत तो दादाच्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानात गेला. "एवढा मोठा दगड दिसला नाही तुला?"

"राहून गेलं रे," दादा म्हणाला. त्याचं भिंग टेबलावर पालथं पडलं होतं. बारीक स्क्रू वहिनीच काढत होती.

"तुझा दादा शेठ झालाय हल्ली," ती म्हणाली. हसली मात्र नाही.

धाकट्याने बोलणं टाकलं. घरी एका पायावर उभं राहून, टाचा उचलून त्याने घोटा पुन्हा बळकट केला. पाय बरा झाल्यावर दादा नेहमीसारखा टेकडीखाली येऊन उभा होता.

"आज मी पुढे," धाकटा तुटकपणे म्हणाला. "माझ्या पायाचं मी बघेन."

"बरं."

लहान पावलं, नजर पुढे. जमत होतं. वळणावर वर्षानुवर्षं एक मोठा दगड आडवा असायचा. तो कुणीतरी काढून टाकला होता. जागा अंगणासारखी सपाट झाली होती. ती पार करून धाकट्याने ऐटीत मागे पाहिलं.

लख्ख उजेडात दादा आला. सपाट जागेवर त्याने पाय उंच उचलला आणि नसलेला दगड ओलांडला.

 पालथं भिंग, वहिनीचे स्क्रू, सगळं एकदम धाकट्याच्या डोळ्यांपुढे आलं.

"दादा, कधीपासून?"

दादा थांबला. "वर्ष होत आलं. कडेचं दिसतं, मधलं जातं. वाट पाठ होती, म्हटलं निभेल. तो उतारावरचा दगड नवीन होता." मग हळूच म्हणाला, "तुझा पाय गेला असता माझ्यापायी. सांगायला जीभ रेटली नाही."

धाकट्याला रडू आवरेना. एवढे दिवस आपण कुणावर रुसलो होतो, याची त्याला लाज वाटली.

"घरी जायचं?" त्याने विचारलं.

"का? पाय धडधाकट आहेत माझे."

धाकट्याने डोळे पुसले आणि उतार धरला. समोर दगड आला. "दगड! डावीकडून ये!"

मागून दादा धडपडत सावरला. "अरे, जरा आधी सांगत जा," तो म्हणाला.