तुळजाबाईची खोली

आमच्या मंडळीत महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं, म्हणजे येशूच्या आठवणीत सगळ्यांनी एकच भाकरी मोडून खायची. मंडळी म्हणजे बिरवाडीत मंगेशच्या भाड्याच्या खोलीत जमणारे आम्ही अकरा जण, बहुतेक कारखान्यात राबणारे. द्राक्षारसाच्या जागी कोकम सरबत आणि सोबत भाकरी. भाकरी मोडण्याआधी मी, सुहास, मंडळीतला वडील, म्हणजे प्रार्थना चालवणारा, या नात्याने विचारतो, "कुणाचं कुणाशी काही राहिलंय का? असेल तर आधी मिटवा." चार वर्षं हे मी खणखणीत आवाजात विचारत आलोय. त्या आवाजाचा मला गर्वही होता.

त्या बुधवारी मी तुळजाबाईंना नाकारलं.

तुळजाबाई उमरठच्या, आमच्याच मंडळीतल्या विधवा बाई. त्यांना कारखान्याच्या कँटीनमध्ये पोळ्या लाटायचं काम लागलं होतं; पण सुटी होईपर्यंत गावाकडची शेवटची एसटी निघून जायची. सोमवारपर्यंत इथे खोली मिळाली नाही तर काम हातचं जाणार होतं. आमच्या चाळीत एक खोली रिकामी होती. खोली मिळते ती ओळखीवर. जुन्या भाडेकरूने हो म्हटलं की झालं.

चाळीचे मालक त्यांना घेऊन माझ्या दारात आले. "या बाई प्रार्थनेला जातात म्हणे. तुमचं नाव सांगतात. ओळखता का?"

मालकांना प्रार्थनावाले चालत नाहीत, असं चाळीत बोलत. खरं-खोटं विचारायची हिंमत मी कधी केली नव्हती. माझं पवित्र शास्त्र तांदळाच्या डब्यामागे असायचं. मी जेवत होतो. घास हातात धरून म्हणालो, "नाही बुवा. कधी पाहिलेलं नाही."

तुळजाबाई मालकांना म्हणाल्या, "माजीच चूक झाली. ते दुसरे कोन आसतील."

माझी अब्रू त्यांनी झाकली आणि मी ती झाकू दिली. वर ताटातलं सगळं संपवलंही.

रविवारी त्या एसट्या बदलत आल्या आणि दाराशी बसल्या. आज या आल्या नसत्या तर बरं, असं मला वाटलं. पुढ्यात भाकरी ठेवून मी इतका नीच विचार करत होतो. प्रश्न विचारायची वेळ आली तेव्हा आवाज फुटेना. शेवटी मी सगळं सांगून टाकलं आणि रडलो. मंगेशने पाठीवर हात ठेवला. मला हलकं वाटायला लागलं.

तुळजाबाई म्हणाल्या, "सुहासभाऊ, मी ते कवाच सोडून दिलंय. पन उद्या सोमवार हाय. खोलीचं काय?"

मला माझ्या पापाचं इतकं कौतुक, की त्यांची खोली मी साफ विसरलो होतो.

भाकरी झाकून ठेवली आणि आम्ही दोघं चाळीकडे निघालो. मालक ओट्यावर पेपर वाचत बसले होते.

"मालक, या तुळजाबाई," मी म्हणालो. "मी यांना चार वर्षं ओळखतो. आम्ही एकाच प्रार्थनेला बसतो."

"मग बुधवारी?"

"खोटं बोललो."

मालकांनी पेपरची घडी घातली. "कुणी कुठं प्रार्थना करावी, याच्याशी मला काय करायचंय? खोली देतो बाईंना. पण ओळख दुसऱ्या कुणाची तरी आणा. तुमच्या शब्दावर कशी देऊ?"

तुळजाबाई खाली बघत उभ्या राहिल्या. मी मंगेशला बोलवायला परत फिरलो.