मधला मजला

बाबांच्या पॉडकास्टला नऊ श्रोते होते. त्यातले दोन म्हणजे मीच, एकदा मोबाईलवरून आणि एकदा ऑफिसच्या कंप्युटरवरून.

बाबांनी छत्तीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केल्या. निवृत्त झाले, गॅलरीतल्या खुर्चीत बसले, ते आठ महिने बसलेच. बोलणं बंद. रुसले नव्हते, आजारी नव्हते. डॉक्टरांनी सगळं तपासलं आणि काही सापडलं नाही म्हणून अभिनंदन केलं. आई "चहा?" विचारायची, ते मान हलवायचे. ती मान हो होती की नाही, हे कप समोर ठेवल्यावर कळायचं. "लग्न माणसाशी केलं होतं," आई मला फोनवर म्हणाली, "संसार खुर्चीशी चाललाय."

मग मी त्यांना माइक आणून दिला. लिफ्टमधून ज्यांना ज्यांना बाहेर काढलं, त्यातल्या एकेकाला गाठायचं आणि विचारायचं, आत असताना काय वाटलं? बस, एवढाच कार्यक्रम. नाव ठेवलं 'मधला मजला'. बाबा बोलायला लागले. माइकसमोर बोलून झालं की तास-दोन तास घरातही बोलायचे, पंख्याचा आवाज बदललाय, खालच्यांचं दार घासतंय, असलं काहीबाही. आई तेवढ्यावर खूश होती.

चौदा भाग झाले आणि एका रविवारी बाबांनी जाहीर केलं की महिनाअखेर शंभर जण झाले नाहीत तर बंद. "आत कुणी नसताना लिफ्ट वरखाली करत बसायला मला वेड लागलेलं नाही."

आईने मला हाताला धरून स्वयंपाकघरात नेलं. "तू लोकांची पानं बनवतेस ना? ह्यांचं एक बनव. आणि शंभर झाले नाहीत तरी झाले म्हणून सांग. मला ती खुर्ची परत नको गं." तिचे डोळे भरले होते. मी हो म्हटलं.

मी वेबसाइटची पानं बनवते. दंतवैद्यांची, नाचाच्या क्लासची, एकदा गाद्यांच्या कारखान्याचं. माणूस पानावर येतो, दहा सेकंद थांबतो, एक तर बटण दाबतो नाहीतर निघून जातो. माझा नियम ठरलेला आहे: वर एक ओळ, खाली एक फोटो आणि एकच बटण. जास्त काही दिलं की माणूस विचारात पडतो, आणि विचारात पडलेला माणूस हातचा जातो.

"नंबर कुठाय?" मी बनवलेलं पान बघून बाबांनी विचारलं.

"पॉडकास्टला फोन नंबर नसतो, बाबा."

"लिफ्टमध्ये पाटी असते. पाटीवर नंबर असतो. नंबर नसलेली पाटी मी आयुष्यात लावली नाही."

मी त्यांना अर्धा तास समजावलं. आकडे दाखवले, गाद्यांच्या कारखान्याचं उदाहरण दिलं. त्यांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं. "पटलं," ते म्हणाले. "मग नंबर कुठे टाकतेस?"

माझं डोकं सरकलं. घ्या म्हटलं, आणि बटणाएवढ्या आकड्यांत त्यांचा नंबर पानावर ठोकून दिला. वरची ओळ मात्र माझी होती: 'लिफ्टमध्ये अडकलेल्यांचे भन्नाट किस्से!' बाबांनी ती वाचली. "त्यातला एक रडत होता," एवढंच म्हणाले.

दहा दिवसांत पानावर चारशे लोक येऊन गेले. बटण पाच जणांनी दाबलं. नऊ आणि पाच चौदा. माझी पंधरा वर्षांची कीर्ती बापाच्या घरी येऊन धुळीला मिळाली होती.

अकराव्या दिवशी आम्ही दुपारी जेवत असताना बाबांचा फोन वाजला. त्यांनी स्पीकर लावला. पलीकडे एक बाई होत्या, कुठल्याशा इमारतीच्या लिफ्टमध्ये, दोन मजल्यांच्या मध्ये. घंटा वाजत नव्हती, पाटीवरचा नंबर कुणीतरी खरवडून टाकलेला. त्यांनी मोबाईलवर 'लिफ्टमध्ये अडकले' असं शोधलं, तर आमचं पान आलं आणि पानावर हा एवढा मोठा नंबर. मी कपाळावर हात मारला.

बाबांनी हातातला घास ताटात ठेवला. "मी लिफ्टवाला बोलतोय," ते म्हणाले. "तुम्ही दोन मजल्यांच्या मध्ये आहात. लिफ्ट खाली पडत नसते. मी तिथे नाही, पण दार उघडेपर्यंत फोन ठेवणार नाही. इमारतीचं नाव सांगा." त्यांनी नाव मोठ्याने म्हटलं आणि मला खूण केली. मी माझ्या फोनवर त्या इमारतीचा नंबर शोधून तिथल्या वॉचमनला गाठलं. तो म्हणाला, किल्ली शोधतो, वीस मिनिटं लागतील. "तीस लागतील," बाबांनी बाईंना सांगितलं. "तोपर्यंत आपण बोलू."

आणि बोलले. बाई कुठे नोकरी करतात, पर्समध्ये काय काय आहे, घरी कोण वाट बघतंय. मध्येच बाई रडल्या तर बाबा म्हणाले, "रडा, त्याने लिफ्टला काही होत नाही." बत्तीस मिनिटं झाली. आई आमटीची वाटी हातात धरून सगळा वेळ उभी होती. मग दार सरकल्याचा आवाज आला आणि फोन बंद झाला, ना आभार ना निरोप.

"असंच करतात," बाबा म्हणाले आणि गार झालेलं जेवायला बसले.

मी हात धुऊन कंप्युटर उघडला. खरं सांगते, लाज वाटली. पानावर येणाऱ्या माणसाशी कसं बोलायचं हे मी लोकांना शिकवते, आणि ते येतं मात्र बाबांना. माझी भन्नाट ओळ उडवली आणि लिहिलं: 'मी लिफ्टवाला बोलतोय. तुम्ही एका अडकलेल्या माणसाची गोष्ट ऐकणार आहात. बावीस मिनिटं लागतील. माणूस सुखरूप आहे.' खाली बटण. त्याखाली बाबांनी सांगितलं तसं: 'खरंच अडकला असाल तर आधी इमारतीत कळवा. मग बोलायला मी आहे.' आणि नंबर.

त्यानंतर आकडा हलला. त्या बाईंनी स्वतः बटण दाबलं, मग त्यांच्या ऑफिसातल्यांनी. फोनही येत राहिले. एक गृहस्थ बाथरूममध्ये अडकले होते. "हे माझं खातं नाही," असं सांगून बाबा त्यांच्याशी दहा मिनिटं बोलले.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी मी घरी गेले तेव्हा आकडा त्रेसष्ट होता. आईने मला दारातच गाठलं. "एकशे चार सांग. बरोब्बर शंभर नको, खोटं वाटेल."

बाबा गॅलरीतल्या खुर्चीत होते. "किती?"

एकशे चार अगदी ओठावर होतं. पण जो माणूस अडकलेल्यांनाही बरं वाटावं म्हणून तीसची वीस मिनिटं सांगत नाही, त्याच्यासमोर जीभ रेटेना. "त्रेसष्ट," मी म्हटलं. आईने माझ्याकडे असं बघितलं की त्या घरात मला पुन्हा जेवायला मिळेल असं वाटेना.

बाबा गप्प झाले. ती शांतता मला ओळखीची होती.

"आठ माणसांची लिफ्ट धरली," शेवटी ते म्हणाले, "तर आठ फेऱ्या. आठ फेऱ्या होत असतील तर लिफ्ट बंद करत नाहीत." मग बोटांवर काहीतरी मोजलं. "शेवटच्या फेरीत एक जागा रिकामी जातेय." आणि आईकडे वळले. "तू आहेस का त्यात?"

"मी कशाला?" आई म्हणाली. "मला घरात ऐकू येतं की."

"घरात मी बोलतो कुठे," बाबा म्हणाले.

आई आत गेली, चष्मा लावून आली आणि मोबाईल माझ्यापुढे धरला. "कुठं दाबायचं?"

मी दाखवलं. तिने दाबलं. पहिला भाग सुरू झाला तशी ती बाबांच्या शेजारी स्टूल ओढून बसली, मोबाईल कानाला लावून. बाबांना राहवेना. "हा माणूस ना, त्या दिवशी..." ते सांगायला लागले.

आईने हात वर केला. "गप्प बसा जरा. मला ऐकू द्या."

बाबा गप्प बसले.