भासऱ्यांची जोडी

"केवढा टाइम झाला, बैलाले पाहूनच राहिली बाई. लग्न लावाचं हाय का त्याचं?"

बैलाच्या पलीकडच्या अंगाला कोणीतरी पुटपुटलं. अलीकडच्या अंगाला डॉक्टर सोनिका वाकून उभी होती, आणि मध्ये फक्त बैलच होता. पुटपुटणारा होता मुन्नालाल, शंकरपटाच्या कमिटीचा अध्यक्ष. तपासायची नळी तिने नुकतीच कानातून काढली होती, म्हणून ऐकू आलं. नसती काढली तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं. पण नळीतून जे ऐकू येत होतं ते याहून वाईट होतं.

जागेवर उभ्या असलेल्या बैलाचं काळीज असं धावत नाही. गोंदियाच्या राइस मिलचा पट्टा जुन्या मोटरीवर धडधडतो, तसं ते धडधडत होतं. बैल अजून एक पाऊलही पळाला नव्हता. दुपारच्या लख्ख उन्हात त्याच्या डोळ्यांतल्या बाहुल्या मोठ्या झाल्या होत्या. जोडीच्या दुसऱ्या बैलाचंही तेच. कान थरथरत होते, नाकाड कोरडं पडलं होतं.

धान निघून मोकळ्या झालेल्या बांध्यांमध्ये शंकरपट भरला होता. बैलजोड्यांच्या शर्यती पुन्हा कायद्यात आल्या त्या अटींसकट. त्यातली एक अट अशी, की सरकारी डॉक्टरांनी जोडी तपासून सही केल्याशिवाय ती सुटणार नाही, आणि बैलाला कसलंही औषध दिलेलं चालणार नाही. एरवी सोनिकाचं काम ढेपेच्या पोत्यांचे नमुने घेण्याचं, आणि जनावरांसाठी गावोगाव कोण कसल्या सुया-बाटल्या विकतं त्यावर नजर ठेवण्याचं. दुकानदार तिला घाबरत. आज तीच घाबरली होती.

कारण हे तिचं सासर होतं. "साहेब, त्या गावची ड्यूटी नको," असं तिने सांगून पाहिलं होतं. साहेब म्हणाले होते, "उलट ओळखीची माणसं आहेत, सोपं जाईल." साहेबांना सासर नव्हतं.

जोडी होती मनोहरलालजींची. मनोहरलालजी म्हणजे तिचे भासरे, नवऱ्याचे थोरले भाऊ. आणि घरची रीत अशी, की धाकट्या सुनेने भासऱ्यांशी बोलायचं नाही, त्यांच्यासमोर डोक्यावरचा पदर खाली येऊ द्यायचा नाही. लग्नाला इतकी वर्षं झाली, दोघं एकमेकांशी एक शब्द बोलले नव्हते. म्हणून आज साडी, साडीवर पांढरा कोट, डोक्यावर पदर, आणि पदराखाली कानात नळ्या. अशा वेषात कायद्याचा धाक दाखवणारी बाई कोणी पाहिली असेल, तर त्याने सोनिकाला जरूर कळवावं.

हाताच्या अंतरावर उभ्या असलेल्या माणसाला प्रश्न विचारायला तिसरं माणूस लागत होतं. ते काम थोरल्या जाऊबाई, सुखवंताबाई, करत होत्या.

"बाई, त्यांना विचारा, बैलांना काय काय दिलं?"

"काय काय देल्लं, इचारते," सुखवंताबाई नवऱ्याकडे वळून म्हणाल्या.

"सांग तिले, गूळ देल्ला, अंडे देल्ले, मोहफुलं देल्ली. घरचाच खुराक आहे."

"घरचाच खुराक आहे म्हनते."

सगळ्यांनी सगळं ऐकलेलंच होतं. सोनिकाने घसा साफ केला. "आणि सुई वगैरे?"

हा प्रश्न पुढे गेला नाही. सुखवंताबाई बैलाच्या पाठीवरची झूल सारखी करू लागल्या.

"काय म्हनून राहिली?" मनोहरलालजींनी विचारलं.

"काई नाई. खुराकाचंच."

दोन्ही बैलांच्या मानेवर हळद माखलेली होती. पूजेची हळद कपाळाला लावतात, शिंगांना लावतात. मानेला लावलेली सोनिकाने या घरात पाहिली नव्हती. तिने त्यावरून बोट फिरवलं. खाली सुपारीएवढी गरम गाठ लागली. बैलाने अंग चोरलं.

"बाई, ही हळद?"

"दृष्ट लागू नये म्हनून," सुखवंताबाई म्हणाल्या. त्यांच्या स्वतःच्या बोटांची हळद अजून निघाली नव्हती. त्यांनी हात पदराखाली घेतले.

सुई टोचलेल्या जागी अशीच गाठ येते. मागच्या हंगामात एका गावी अशीच एक जोडी दाण सोडून, म्हणजे पळायची आखलेली वाट सोडून, माणसांत घुसली होती. बैल बिथरले, असं लोक म्हणाले; सुईचं कोणी बोललं नाही. त्या जोडीच्या धुरकऱ्याला, म्हणजे हाकणाऱ्याला, तिने दवाखान्यात पाहिलं होतं. नंतर त्याचं नाव काढायचं सगळ्यांनीच सोडून दिलं.

आणि या जोडीचा धुरकरी होता दुर्गेश. भासऱ्यांचा एकुलता एक. कॉलेजसाठी फुलचूरला सोनिकाच्या घरी राहिला होता तो. तिच्या हातच्या भाजीला नावं ठेवत पातेलं पुसून खाणारा.

"काकी," तो डोक्याला गमछा बांधत आला, "काऊन एवढी घामाघूम? बैल पळनार हायेत का तू?"

"दुर्गेश, आज राहू दे."

"राहू दे? बिरसीवाल्यायची जोडी फायनलले आहे. तेयले पाठ दाखवू?" तो हसला. "सई कर मुकाट्यानं. जिंकलो का तुले पैठणी."

त्याला माहीत नव्हतं. त्याचं हसू पाहून तिची खात्री पटली. बाकी सगळ्यांना माहीत होतं.

मुन्नालाल जवळ आला. "मॅडम, भोंग्यावर नाव पुकारून झालं. सई करा."

"मला या जोडीची शंका आहे. रक्ताचा नमुना घेते."

"घ्या ना. रिपोर्ट कवा येनार?"

"बाहेर पाठवावं लागतं. वेळ लागेल."

"मंग आला का पाहू. आज कोन्त्या कारनानं थांबवता? शंका हे काई कारन झालं? घरचेच लोकं आहेत तुमचे, तेयलेच इचारा." त्याने आवाज खाली आणला. "थे पब्लिक पाहा. जोडी काऊन नाई सुटली म्हनून इचारलं, तं मी तुमच्याकडे बोट दाखवीन. मंग मले नोका म्हनू."

तिने पाहिलं. बांधाबांधावर माणसं, झाडांवर माणसं, ट्रॅक्टरच्या टपावर माणसं. दाणीच्या अगदी कडेला बायका लेकरं मांडीवर घेऊन बसलेल्या. दोरी बांधलेली होती, पण ती बांधायची म्हणून बांधलेली. शंका, असं लिहून थांबवलं, तर उद्यापासून या घराचं दार तिला बंद. सही केली, तर काय होईल ते तिला मनातही आणवेना.

माणसांनी बैल ओढत नेऊन छकड्याला जुंपले. चौघे होते, तरी उजवा बैल आवरत नव्हता. त्याच्या तोंडातून फेस लोंबत होता. दुर्गेश टांग मारून छकड्यावर चढला, त्याने कासरा घेतला आणि मनगटाला गुंडाळू लागला.

सोनिका छकड्यापाशी धावली. पदर कधी खांद्यावर आला ते तिला कळलं नाही. सहीचा कागद हातात तसाच कोरा होता.

"हाताला गुंडाळू नको."

"आं?"

"कासरा हाताला गुंडाळू नको, दुर्गेश. बैल सुटले तर तुला सोडवता येणार नाही."

"काऊन सुटतील? माहेच बैल हायेत," तो म्हणाला. मग त्याने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि हसू अर्धं राहिलं. "काऊन, काकी?"

तिने सुखवंताबाईंकडे पाहिलं.

त्यानेही आईकडे पाहिलं. "काऊन वो, आई?"

सुखवंताबाईंनी मान खाली घातली. मुन्नालाल भोंग्याकडे बघू लागला. बैल धरणारे चौघेही बैलांकडेच पाहत होते, जणू उत्तर बैलांनीच द्यायचं होतं. उजव्या बैलाने हिसडा दिला. छकडा हातभर पुढे सरकला आणि दुर्गेशच्या मनगटावरचा फास करकचून आवळला. तो ओरडला नाही, पण त्याचा चेहरा पांढरा पडला.

मनोहरलालजी पुढे आले. बायकोकडे त्यांनी पाहिलं नाही. ते सोनिकासमोर येऊन उभे राहिले, पहिल्यांदाच तिच्या तोंडाकडे सरळ पाहत, आणि त्यांची हनुवटी लेकरासारखी हलत होती.

"सुई म्याच देल्ली," ते तिला म्हणाले. "दोनी बैलाले. उतरव वो बाई माह्या पोराले."