खांबामागची खुर्ची

मी एक जुनी खुर्ची आहे, मित्रांनो, आणि माझ्यावर बसलं की रंगमंच दिसत नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी तोंड वाकडं करायला नको. शहरातल्या ऑपेरागृहाच्या सर्वांत वरच्या सज्ज्यात, एका जाड खांबामागे मला बसवलं होतं.

ऑपेरा म्हणजे असं नाटक, ज्यात माणसं भांडतात, प्रेम करतात आणि मरतात, पण सगळं गाऊन. मरायलाच काही जण वीस मिनिटं घेतात. खांबामागची जागा आधी मोकळीच होती. पण वाद्यवृंदाचे पहिले प्रमुख अडून बसले, “न बघता नुसतं ऐकणारं एक तरी माणूस इथे हवं.” म्हणून मी घडले. हाताशी एक फळी, फळीवर छोटा दिवा. ऐकणाऱ्याने फळीवर स्वरलिपीचं पुस्तक उघडायचं आणि गाण्याबरोबर पानं उलटत जायचं.

कितीतरी शिकाऊ गायक माझ्यावर बसून गेले. एक तर चक्क घोरायचा. मग बाई आल्या आणि तीस वर्षं मी त्यांचीच झाले. बाई शाळेत गाणं शिकवायच्या. गाणारा कुठे श्वास घेतो, तिथे त्या पेन्सिलीने बारीक खूण करत. कुणी घाई केली तर पुटपुटत, “कुठे गाडी चुकतेय याची?” एकदा त्यांच्या बहिणीने हौसेने पुढच्या रांगेचं तिकीट काढून दिलं. मध्यंतरात बाई धापा टाकत जिने चढून माझ्याकडे परत आल्या. डोअरकीपरला म्हणाल्या, “राजाची दाढी एका बाजूने सुटलीय. तीच बघत बसले, गाणं राहूनच गेलं.” त्या दिवशी मला केवढा अभिमान वाटला!

नव्या मॅनेजरसाहेबांना मात्र मी डोळ्यांसमोर नको होते. “खांब दाखवायला तिकीट विकतो म्हणून लोक हसतात आपल्याला,” ते म्हणाले. माझ्या जागी त्यांना कोट ठेवायचं कपाट हवं होतं. बाईंनी अर्जावर अर्ज केले, म्हणून ते काम लांबत गेलं.

मग तो रविवार आला. दुपारचा खेळ होता. दुसऱ्या अंकात बाईंची पेन्सिल एकदम थांबली. नायिका नेहमी जिथे श्वास घ्यायची, तिथे आवाज न थांबता सरळ पुढे गेला. बाईंनी डोळे मिटले. मलाही ऐकू येत होतं. नायिकेची पावलं उजवीकडे वाजत होती आणि गाणं डावीकडून येत होतं.

नायिकेचा घसा बसला की दुसरीने विंगेत उभं राहून गायचं आणि नायिकेने नुसते ओठ हलवायचे, ही रीत जुनीच आहे. पण तेव्हा मॅनेजरने पडद्यापुढे येऊन तसं सांगायचं असतं. साहेब आले नाहीत. जाहिरातीत चेहरा नायिकेचा होता ना!

पडदा पडला. नायिकेवर फुलं पडू लागली. बाई उठल्या आणि वर्गात विचारावं तसं खणखणीत विचारलं, “गायली कोण?”

टाळ्या थांबल्या. खाली कुणीतरी फिदीफिदी हसलं.

“डाव्या विंगेत उभी आहे तिला पुढे आणा. तिला टाळ्या मिळाल्याशिवाय मी घरी जाणार नाही.”

डोअरकीपर धावत आला. “बाई, खाली बसा हो. साहेब चिडलेत.”

“चिडू देत. मी काय खोटं बोलले?”

शेवटी नायिकाच विंगेत गेली आणि कोरसमधल्या एका प्रौढ बाईला हाताला धरून घेऊन आली. ती बावीस वर्षं मागच्या रांगेत गात होती. मग ज्या टाळ्या झाल्या, त्यांनी माझी फळी थरथरली. खांबाबाहेर मान काढून बाईंनी तिला पाहिलंसुद्धा नाही. पुस्तकात एक खूण करायची राहिली होती, ती त्यांनी केली.

तिसऱ्या दिवशी सुतार आला आणि त्याने मला उपटलं. आता मी रंगमंचाखालच्या अडगळीत, पुठ्ठ्याच्या मुकुटांशेजारी पडून आहे. डोअरकीपर परवा सुताराला सांगत होता, “कपाटाला टेकून उभ्या राहतात बाई. तीन-तीन तास. खाली बसायला जागा देतो म्हटलं, तर ऐकत नाहीत.”

मित्रांनो, मला पुसा, रंग द्या, माझी कीव करा, असं मी म्हणणार नाही. मला वाईट वाटतं, पण पश्चात्ताप नाही. समोर दिसणाऱ्याला हार घालायला सगळेच धावतात. तुम्ही मात्र आवाज कुठून येतोय ते नीट ऐका, आणि शंका आली तर मोठ्याने विचारा. कुणी हसेल, कुणी चिडेल. फार तर तुमची बसायची जागा काढून घेतील. मग उभं राहून ऐका.